बालकाच्या बाजूने बोलणारा कोणी हवा

(इच्छापोर, सुरत येथील मराठीभाषक पालक, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरत शहर मागे टाकून तापीच्या उत्तर तीराने हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. शेतीवाडीचे हे जुने गाव २०२० साली सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. गावालगत औद्योगिक वसाहत आहे, हिरे व दागिन्यांच्या व्यवसायासाठी उभारलेले संकुल आहे आणि पुढे हजिऱ्यास खत, वायू व पोलाद यांचे प्रचंड कारखाने आहेत. जेथे कारखाना तेथे मजूर, आणि जेथे मजूर तेथे त्याची मुलेबाळे, हा सर्वत्रचा नियम. धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतून तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने सुरतेस येणाऱ्या कुटुंबांचा ओघ आजचा नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत तर खानदेशच वसला आहे असे म्हटले जाते. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबरच मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविते, यावरून या वस्तीचे प्रमाण ध्यानी यावे.

या कुटुंबांच्या घामाविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु त्यांच्यातील एखाद्या अल्पवयीन मुलावर गुन्ह्याचा आळ आला म्हणजे पुढे काय होते, त्याच्या बाजूने कोण उभे राहते, कोणत्या भाषेत बोलते, आणि त्याचे खरे वय कोण सांगते, याविषयी फारसे बोलले जात नाही. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

एक कल्पित प्रसंग

नवापूर तालुक्यातील एका खेड्यातून आलेला पंधरा वर्षांचा एक मुलगा कल्पावा. वडील माल चढविण्या-उतरविण्याचे काम करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलाने सातवीनंतर शाळा सोडली. ठेकेदाराकडे काम मिळावे म्हणून त्याने आपले वय 'अठरा' सांगितले, व ठेकेदारानेही ते निमूटपणे लिहून घेतले. एके रात्री दोन प्रौढ इसमांनी त्याला एका गोदामाजवळ नेले आणि तांब्याच्या तारेची गोणी उचलावयास सांगितले. पहारेकऱ्याने आरडाओरड केली, दोघे पसार झाले, गोणीसह सापडला तो मुलगा.

चौकशीत त्याने सांगितले, "मी गोणी खाली केली." नवापूरकडच्या मुलाच्या तोंडी याचा अर्थ इतकाच, की डोक्यावरची गोणी जमिनीवर ठेविली. गुजराती वा हिंदी भाषकाच्या कानी मात्र 'खाली केली' म्हणजे 'रिकामी केली' असा अर्थ जातो. लिहिणाऱ्याच्या मनात कपट नसतानाही कागदावर असे उतरते, की माल आपणच काढून घेतल्याचे मुलाने कबूल केले. एका शब्दाच्या फेराने साक्षीदार आरोपी होतो, तो असा. हा प्रसंग कल्पित आहे. परंतु त्यातील प्रत्येक दुवा, म्हणजे खोटे सांगितलेले वय, पसार झालेले प्रौढ, परकी भाषा व घाबरलेला बाप, स्थलांतरितांच्या वस्तीत काम करणाऱ्या कोणासही अपरिचित वाटणार नाही.

कायद्याचा पूर्वेतिहास

मुलांना प्रौढ गुन्हेगारांप्रमाणे वागवू नये हा विचार या भूमीस नवा नाही. १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांविषयीचा स्वतंत्र कायदा झाला. १९२७ साली मुंबईत बालन्यायालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी चिल्ड्रेन्स एड सोसायटी ही संस्था स्थापन झाली. पुढे १९४८ साली मुंबई बालक अधिनियम आला. त्या काळी सुरत जिल्हा व खानदेश हे एकाच मुंबई राज्याचे भाग होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तरी दोहोंकडील मुलांच्या कायद्याचे मूळ एकच राहिले. १९८६ साली साऱ्या देशासाठी बाल न्याय अधिनियम संमत झाला. २००० साली त्याची जागा दुसऱ्या अधिनियमाने घेतली, व मुलगा असो वा मुलगी, वयाची मर्यादा अठरा वर्षे ठरली. सध्याचा अधिनियम २०१५ चा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे.

या साऱ्या कायद्यांमागील भावना वात्सल्याची होती. परंतु वात्सल्याच्या भरात एक गोष्ट दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. न्यायाधीश हेच मुलाचे पालक, मग वकिलाची गरज काय, असा समज जगभर रूढ होता. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९६४ साली पंधरा वर्षांच्या एका मुलावर शेजारणीस अश्लील दूरध्वनी केल्याचा आरोप आला. त्यास वकील मिळाला नाही, तक्रारदार स्त्री न्यायाधीशांसमोर आलीच नाही, आणि एकविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला. त्याच कृत्याबद्दल प्रौढ इसमास फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. १९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गॉल्ट प्रकरणात असे ठरविले, की मुलालाही वकिलाचा हक्क आहे, आणि केवळ सदिच्छा ही न्याय्य पद्धतीची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या देशात या विचाराला बळ देण्याचा मान काही अंशी गुजरातकडे जातो. १९७० साली गुजरात शासनाने न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी साहाय्य समिती नेमली. पुढे १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ अन्वये मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दरिद्री आरोपीस मोफत वकील मिळणे हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला, आणि १९८६ च्या निर्णयात न्यायालयाने सर्व राज्यांसाठी एकच बाल कायदा असण्याची निकड बोलून दाखविली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा असून तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची कोणतीही अट न घालता मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. उत्पन्नाचा दाखला आणा, असे बालकाच्या पालकास कोणी सांगू नये.

पहिले चोवीस तास

आता त्या कल्पित मुलाकडे वळावे. अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे अशा मुलास विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावे लागते, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. त्यास पोलीस कोठडीत वा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार त्यास बेडी घालावयाची नाही, कबुलीजबाबासाठी दबाव आणावयाचा नाही, आईवडिलांना कळवावयाचे, आणि मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणासही कळवावयाचे, अशी पोलिसांची कर्तव्ये आहेत.

याच नियमांत आणखी एक मर्मभेद आहे. अपराध घोर स्वरूपाचा नसेल आणि त्यात प्रौढ सामील नसतील, तर मुलाविरुद्ध प्रथम खबर अहवाल नोंदवावयाचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करावयाचा असतो. आपल्या उदाहरणातील मुलाबरोबर दोन प्रौढ होते, म्हणून तेथे प्रथम खबर अहवाल नोंदला जाईल. परंतु ते प्रौढ होते ही गोष्टच मुलाच्या बचावाचा गाभा आहे. अधिनियमाच्या कलम ८३ प्रमाणे बेकायदा कृत्यांसाठी मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. 'तुला गोणी उचलावयास कोणी सांगितले?' हा प्रश्न जिव्हाळ्याने विचारणारा वकील लाभला, तर एका मुलाचे हित साधते आणि समाजाचा खरा अपराधीही उजेडात येतो. मुलाचा बचाव म्हणजे गुन्ह्यास पाठीशी घालणे, असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

या चोवीस तासांत वस्तीतून जो सल्ला मिळतो, तो बहुधा घातक असतो. 'कबूल करून टाक, लवकर सुटशील,' असे शेजारी सांगतात. 'रडून पाया पड,' असे नातेवाईक सांगतात. बापाचा रोजगार बुडत असतो, त्यामुळे त्यालाही प्रकरण लवकर मिटावे असे वाटते. परंतु मुलगा अजाण वा अपराधी हेतूविरहित आहे असे गृहीत धरूनच कामकाज चालावे, हे या अधिनियमाचे पहिले तत्त्व आहे. न केलेल्या कृत्याची कबुली ही सुटकेची वाट नव्हे. म्हणून पहिल्या दिवशीचा योग्य सल्ला एवढाच: खरे वय सांगावे, न समजलेल्या कागदावर सही वा अंगठा करू नये, आणि वकील मागावा.

वयाचा कागद

मुलाच्या बचावाचा पाया म्हणजे त्याचे वय. कामासाठी 'अठरा' सांगितलेला आकडा ठाण्याच्या कागदावर गेला, की तो मुलगा प्रौढ आरोपी म्हणून तुरुंगात जाण्याचा धोका उभा राहतो. अधिनियमाच्या कलम ९४ ने वय ठरविण्याचा क्रम घालून दिला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायत यांचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, जी आदेशापासून पंधरा दिवसांत पूर्ण व्हावयाची असते. या क्रमात आधार कार्डाचे नाव नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणातही वयासाठी आधार कार्डापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला.

येथे शिक्षकांची जबाबदारी किती मोठी आहे हे ध्यानी येईल. आपल्याकडे शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली म्हणजे १ जून ही जन्मतारीख घालण्याचा प्रघात होता, आणि त्या दिवशी जन्मलेल्यांच्या पिढ्याच्या पिढ्या झाल्या. तेव्हा तो सोयीचा उपाय वाटला. परंतु जनरल रजिस्टरमधील ती एक ओळ पुढे एखाद्या मुलाला तुरुंग की निरीक्षण गृह हे ठरवू शकते. म्हणून प्रवेशाच्या वेळी खरी तारीख शोधून लिहिणे, रजिस्टर वाळवी-पावसापासून जपणे, आणि पालकाने वा वकिलाने मागणी करताच उतारा विनाविलंब देणे, ही न्यायदानाचीच कामे होत.

वयाची चौकशी वेळीच झाली नाही तर काय होते, याचे अत्यंत कष्टप्रद उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका घरातील स्त्रिया व बालके मिळून सात जणांची निर्घृण हत्या झाली. ज्यांचे आप्त गेले त्यांच्या दुःखास पारावार नव्हता, आणि त्या दुःखाचा मान राखूनच पुढील हकिकत सांगावयास हवी. या प्रकरणात राजस्थानातून आलेल्या एका मुलास प्रौढ समजून खटला चालला. १९९८ साली त्यास फाशीची शिक्षा झाली, ती वरच्या न्यायालयांत कायमही झाली. कित्येक वर्षांनंतर त्याच्या गावच्या शाळेचा दाखला न्यायालयापुढे आला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, आणि घटनेच्या वेळी त्याचे वय अवघे बारा वर्षे सहा महिने होते असे सिद्ध झाले. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तोपर्यंत त्याची अठ्ठावीस वर्षांहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती. जो कागद त्यास बालक ठरवीत होता, तो एका दूरच्या शाळेच्या कपाटात होता.

त्या मुलाचे नाव येथे मुद्दाम घेतलेले नाही, त्याचे कारण पुढे येईल. राजस्थानातून पुण्यास आलेला तो मुलगा, आणि नवापूरहून इच्छापोरास आलेला हा मुलगा, यांची स्थिती एका बाबतीत सारखीच आहे. दोघांचेही दाखले परराज्यात आहेत. बालक असल्याचे म्हणणे खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, शिक्षा झाल्यानंतरही, मांडता येते, अशी सोय कलम ९ मध्ये आहे. परंतु ते पहिल्याच दिवशी मांडले जावे हे वकिलाचे काम, आणि त्यासाठी दाखला गावाहून आणविणे हे गावचे काम.

भाषेचा प्रश्न

सुरतेच्या न्यायालयीन कागदपत्रांत गुजराती चालते. मराठी मुलास ती कानावर पडून थोडीबहुत कळते, परंतु कळणे व आपली बाजू नेमकी मांडता येणे यांत अंतर आहे. शिवाय खानदेशातील मुलाची घरची बोली पुष्कळदा अहिराणी असते, नवापूरकडील आदिवासी मुलाची मावची असते, आणि पुस्तकी मराठीही त्यास परकी वाटू शकते. भीतीच्या क्षणी मनुष्य आईच्या बोलीत बोलतो.

कायद्याने ही अडचण ओळखलेली आहे. कलम ८ प्रमाणे कामकाजाची भाषा मुलास समजत नसेल तर त्यास दुभाषी किंवा भाषांतरकार पुरविणे हे मंडळाचे कर्तव्य आहे. त्याच कलमात विधी सेवा संस्थांमार्फत वकील उपलब्ध करून देण्याचे कर्तव्यही सांगितले आहे. परंतु दुभाष्याची मागणी बहुधा होतच नाही, कारण 'सुरतेत राहतो, त्याला गुजराती येतेच' असे सर्वजण धरून चालतात. मुलाच्या वकिलाने पहिल्याच तारखेस मंडळापुढे हा प्रश्न उपस्थित करावा. मराठी माध्यमाच्या शाळांतील निवृत्त शिक्षक, अहिराणी जाणणारे कार्यकर्ते, आदिवासी बोली बोलणारे सुशिक्षित तरुण यांची यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दिली गेली, तर मंडळाचेही काम सुकर होईल. यास मोठा खर्च लागत नाही, पुढाकार लागतो.

चांगला वकील म्हणजे काय

वकील नेमला गेला म्हणजे बचाव झाला, असे नाही. तारखेच्या दिवशी दारात मुलाचे नाव विचारणारा आणि कागद चाळून उभा राहणारा वकील हा नावापुरता वकील होय. मुलांसाठी नेमलेल्या वकिलाने सुनावणीपूर्वी मुलास एकांतात भेटावे, कायद्याची परिभाषा टाकून साध्या शब्दांत प्रकरण समजावून द्यावे, आणि मुख्य म्हणजे मुलाचे ऐकावे. बापाची इच्छा एक आणि मुलाचे म्हणणे दुसरे, असे कधी कधी होते. अशा वेळी आपण बापाचे नव्हे तर मुलाचे वकील आहोत, याचे भान राखणे अगत्याचे आहे. वकील वारंवार बदलू नये, कारण मुलाचा विश्वास एकदा बसतो, तो प्रत्येक तारखेस नव्याने बसत नाही.

जामिनाच्या बाबतीत अधिनियम उदार आहे. कलम १२ प्रमाणे अपराध जामीनपात्र असो वा नसो, मुलास जामीनदारासह किंवा जामीनदाराविना सोडणे, अथवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली वा योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करणे हाच नियम आहे. अपवाद तीनच: सुटकेमुळे मुलगा ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याचा संभव असेल, त्यास नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका असेल, किंवा न्यायाचा हेतू विफल होणार असेल. परप्रांतीय मजुराजवळ जामीनदार नसतो, ही खरी अडचण. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या होऊ शकल्या नाहीत, तर त्या बदलण्यासाठी मुलास पुन्हा मंडळापुढे न्यावे लागते. ही तरतूद माहीत असलेला वकील मुलाचे कित्येक आठवडे वाचवितो.

त्यानंतर महत्त्व येते सामाजिक तपासणी अहवालास. मुलास प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकारी वा तत्सम व्यक्तीने तो द्यावयाचा असतो. मुलाचे घर, शाळा, संगत, काम यांचे चित्र मंडळ त्यातून पाहते. अधिकारी वस्तीत आला असता दारे बंद करून घेण्याची आपल्याकडील सवय मुलास भोवते. उलट जुन्या शिक्षकाने दोन खरे शब्द सांगितले, शेजाऱ्याने घरची ओढाताण वर्णिली, तर मंडळास मुलगा दिसतो, नुसता गुन्हा दिसत नाही. चौकशी चार महिन्यांत पूर्ण व्हावी, आणि फार तर दोन महिने वाढवून मिळावे, असा दंडक आहे. किरकोळ अपराधाची चौकशी त्या मुदतीतही अनिर्णित राहिली, तर ती संपुष्टात येते. तारखांचा हिशेब वकिलाने ठेवावा, व पालकानेही वहीत लिहून ठेवावा.

सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर वकिलाची कसोटी अधिकच लागते. त्या वेळी मंडळ मुलाच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन करते, आणि त्यावरून प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते, जेथे मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याचा निर्णय होऊ शकतो. मंडळात बालमानसशास्त्राचा तज्ज्ञ नसेल, तर अशा तज्ज्ञाचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे. मूल्यांकनाचे कागद मागणे, ते तपासणे व त्यावर म्हणणे मांडणे, हे काम सामान्य पालकाच्या आवाक्यातील नाही. तेथे जाणता वकीलच हवा.

मुलाची उद्याची वाट

दोष सिद्ध झाला तरी कायदा मुलाचे दार लावून घेत नाही. समज देऊन घरी पाठविणे, समुपदेशन, समाजसेवा, दंड, परिवीक्षा, आणि फार तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे, असे आदेश मंडळ देऊ शकते. वकिलाने त्यांपैकी मुलास योग्य असा पर्याय स्वतः सुचवावा. मुलाचे गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल व त्याचे हित त्यात असेल, तर तेथील मंडळाशी विचारविनिमय करून त्यास त्या जिल्ह्याकडे पाठविता येते. नंदुरबारचा आजा-आजीचा आधार हा सुरतेच्या गृहातील खाटेपेक्षा मोठा असू शकतो. अपराधामुळे पुढे नोकरीस वा निवडणुकीस अपात्रता येऊ नये, आणि विहित काळानंतर नोंदी नष्ट व्हाव्यात, अशी तरतूद कलम २४ मध्ये आहे. प्रौढाप्रमाणे खटला चाललेल्या मुलांना मात्र ती लागू होत नाही.

परंतु कायद्याने पुसलेले नाव लोकांनी कोरून ठेविले, तर काय उपयोग? कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे बंधन वृत्तपत्रांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. हातातील मोबाइलवरून छायाचित्र गावभर पाठविणाराही त्यात येतो. पुण्याच्या प्रकरणातील मुलाचे नाव येथे टाळले, ते याच तत्त्वाच्या आदराने.

कोणी काय करावे

पालकांनी मुलाचे जन्मदाखले व शाळेचे दाखले गावी पेटीत न ठेवता त्यांच्या प्रती जवळ बाळगाव्यात. कामासाठी मुलाचे वय वाढवून सांगू नये. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे आणि अठरा वर्षांखालील मुलास धोक्याच्या कामावर ठेवणे १९८६ च्या कायद्याने, व त्यातील २०१६ च्या दुरुस्तीने, निषिद्ध आहे. आज घेतलेली रोजी उद्या मुलाच्या मुक्ततेवर पडू शकते.

शिक्षकांनी शाळा सोडून गेलेल्या मुलाचा ठावठिकाणा शक्यतो नोंदवून ठेवावा, आणि परराज्यातून दाखल्याची मागणी आली तर ती नेहमीच्या कागदांच्या गठ्ठ्यात ठेवू नये. ग्रामपंचायती व गाव बाल संरक्षण समित्या यांनी जन्मनोंदीचा उतारा त्वरेने देण्याची व्यवस्था करावी. नवापूर-नंदुरबारकडील ग्रामपंचायतीने पाठविलेला एक कागद सुरतेतील मुलास तुरुंगाच्या दारातून परत आणू शकतो.

पोलीस व शासकीय कर्मचारी यांनी मुलाच्या हातात कागद देण्यापूर्वी तो त्यास समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा. विधी सेवा प्राधिकरणास कळविल्याची नोंद वेळेसह ठेवावी. विधी स्वयंसेवक नेमताना मराठी, अहिराणी व आदिवासी बोली जाणणाऱ्यांस प्राधान्य मिळाले, तर या भागाची मोठी गरज भागेल.

वकीलवर्गाने हे काम कनिष्ठांवर सोपवावयाचे दुय्यम काम मानू नये. दिवाणी दाव्यात जमिनीचा तुकडा जातो वा राहतो, येथे एका माणसाचे सारे आयुष्य पणास लागलेले असते.

आणि सर्वांनीच दोन क्रमांक लक्षात ठेवावेत. मोफत विधी साहाय्यासाठी १५१००, आणि संकटातील बालकासाठी १०९८. शाळेच्या फळ्यावर, मंदिराच्या ओट्यावर, किराणा दुकानाच्या भिंतीवर ते मराठीत व गुजरातीत लिहिले जावेत.

शेवटी त्या कल्पित मुलाकडे एकवार पाहावे. त्याच्या गावच्या शिक्षकाने दाखला पाठविला, दुभाष्याने 'गोणी खाली केली' याचा खरा अर्थ सांगितला, वकिलाने दोन पसार इसमांची नावे मंडळापुढे ठेविली, आणि वस्तीतील लोकांनी त्याच्या घरची हकिकत परिवीक्षा अधिकाऱ्यास सांगितली, तर हा मुलगा पुन्हा आठवीच्या वर्गात बसलेला दिसू शकेल. यांतील एकही गोष्ट कायद्याच्या बाहेरची नाही, आणि एकही गोष्ट येथे जमलेल्यांच्या आवाक्याबाहेरची नाही.